पेन्सिलीच्या चार फुल्या

सलीम आला तेव्हा माझ्या हातात गिरमिट होतं. सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले असतील. अंगणातल्या बाकावर एक लाकडी नमुना आवळून ठेवला होता आणि त्याला चार भोकं पाडायची होती. भोकं कुठं पाडायची त्याच्या चार फुल्या सलीमच्या वडिलांनी, म्हणजे नबीलाल मुल्लाणीनं, आठच दिवसांपूर्वी आपल्या हातानं पेन्सिलीनं मारून दिल्या होत्या. सलीमनं लुना भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि दारातच उभा राहिला. "काका, अब्बा गेलं," एवढंच म्हणाला. आणि मी, सांगायला लाज वाटते, विचारलं, "कुठं?" वीस-पंचवीस वर्षं जो माणूस कुठं ना कुठं गेलेलाच असायचा, त्याच्याविषयी सवयीनं तेच तोंडातून निघालं. मग माझं मलाच कळलं. गिरमिट बाकावर ठेवलं आणि सदरा घालायला आत गेलो. दुपारी पेठ वडगावला मातीला गेलो, इतरांबरोबर मूठभर माती टाकली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. त्याला आता सहा आठवडे झाले. गिरमिट अजून तिथंच आहे.

मला लिहायची सवय नाही. हात लाकडाला सरावलेला, कागदाला नाही. त्यातून हल्ली कशाचाच उत्साह वाटत नाही. सकाळी उठून दात घासायचे तरी स्वतःला दोनदा सांगावं लागतं. पण नबीलालविषयी एक गोष्ट अशी आहे, की ती मी सांगितली नाही तर कुणीच सांगणार नाही, कारण ती माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही. म्हणून बसलोय.

मी सुतार, नावानंही आणि कामानंही. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या, विहिरीचं पाणी उपसणारी ऑइल इंजिनं करणाऱ्या एका कारखान्यात मी पॅटर्न करायचो. इंजिनाचा जो भाग लोखंडात ओतायचा, तो आधी लाकडात हुबेहूब घडवायचा. त्या लाकडाचा ठसा वाळूत उठवायचा आणि त्यात रस ओतायचा, अशी ती पद्धत. लोखंड कितीही मिजास करो, त्याचा पहिला जन्म माझ्या हातचा, असं मी तेव्हा म्हणायचो. नबीलाल त्याच कारखान्यात फिटर. आम्ही दोघं एकाच महिन्यात कामाला लागलो. तो वडगावहून पहिल्या गाडीनं यायचा, मी मंगळवार पेठेतून सायकलवर. डबा एकत्र खायचो आणि भांडायचोही. तो मोकळा आणि मोठ्या आवाजाचा. मी तिरसट, आणि बायकोच्या मते अजूनही तसाच.

आज त्याच्याविषयी लोक म्हणतात, फार समजूतदार माणूस, समोरच्याचं ऐकून घ्यायचा. खरं आहे. पण मी ज्याला आधी ओळखलं तो नबीलाल असा नव्हता. कोल्हापूरच्या माणसाला गावाचा गर्व असतोच, त्यात नवल नाही. पण याचा गर्व आमच्याही वरताण. गारगोटीच्या पुढं गेलं की चहा प्यायच्या लायकीचा राहत नाही, असं त्याचं ठाम मत. बेळगावकडच्या भाकरीला भाकरी म्हणायला तो तयार नव्हता. बाहेरगावचा कुणी कारखान्यात आला आणि "आमच्याकडं असं करतात" म्हणाला, की नबीलाल हातातला पाना खाली ठेवून म्हणायचा, "पावणं, तुमच्याकडं करत आसतील. पर बरोबर हितं करत्यात." आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. आम्हाला ते अगदी रास्त वाटायचं.

इंजिन विकलं गेलं की त्याच्याबरोबर फिटर जायचा. ही आमच्या कारखान्याची रीत. विहिरीच्या काठावर खड्डा काढायचा, त्यात खडी-सिमेंट भरून पाया घालायचा, पायात चार बोल्ट उभे करायचे, ते पक्के झाले की त्यावर इंजिन बसवायचं, चालू करून दाखवायचं, आणि "इंजिन समाधानकारक चालते" अशा छापील कागदावर शेतकऱ्याची सही घेऊन परत यायचं. आधी हे सगळं शिरोळ, हातकणंगले, फार तर विजापूर इतकंच असायचं. नबीलालचे पाये नामांकित. पाण्याची पातळी लावून, कडा घोटून असा गुळगुळीत पाया घालायचा की त्यावर जेवायला बसावं. पुढं साठीच्या दशकाच्या शेवटी आमच्या मालकांना बिहारमधून मोठी मागणी आली. एक आख्खी वाघीण भरून इंजिनं रेल्वेनं निघाली आणि पाठोपाठ नबीलाल निघाला. ट्रंक, पान्यांची पिशवी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कांदा-लसणाची चटणी. "तिकडं खायला काय गावणार, आल्लाला म्हाईत," म्हणाला. चार दिवस गाडीत काढून तो कोसी नदीच्या काठच्या मुलखात पोचला. तीन महिने राहिला. गावोगाव पाये घातले, इंजिनं चालू केली, सह्यांची चळत घेऊन परत आला. एका कागदावरही कुरकुर नव्हती. मालकांनी कारखान्यात पेढे वाटले. नबीलाल आठ दिवस जमिनीवरून चालत नव्हता.

दुसऱ्या वर्षी बिहारमधून एकाही इंजिनाची मागणी आली नाही. मालकांनी पत्रं पाठवली, उत्तरं गोड आली, पण मागणी नाही. शेवटी नबीलाललाच पाठवलं, बघून ये म्हणून. तो दीड महिन्यानं परत आला तो वेगळाच. जेवणाच्या सुट्टीत आम्ही कारखान्याच्या मागच्या पायरीवर बसायचो, तिथं त्यानं मला सांगितलं. बिसेसर बाबा म्हणून एक म्हातारा शेतकरी होता, त्याच्या घरी हा आदल्या वर्षी सगळ्यात जास्त दिवस राहिला होता. नबीलाल थेट त्याच्या रानात गेला. पाया होता तसाच होता, कुठं एक चीर नाही. एका बोल्टाला म्हैस बांधली होती. गुळगुळीत सिमेंटवर शेणी थापून वाळत घातल्या होत्या. इंजिन जागेवर नव्हतं. "म्हस लई खुशीत हुती," नबीलाल म्हणाला. "आसा खुट्टा तिच्या बापजाद्यानं बगितला नसंल. तीन म्हयनं राबून म्या म्हशींचं खुट्टं घालून आलो, शामराव."

झालं होतं ते असं. आपल्याकडं इंजिन विहिरीवर एकदा बसलं की जन्मभर तिथंच राहतं. त्या मुलखात पाणी अगदी वर, विहीर नाहीच. बांबूच्या पट्ट्या बांधून त्याची नळी करतात आणि ती जमिनीत उतरवतात, झालं पाणी. एका माणसाचं रान एका ठिकाणी नसतं. एक तुकडा इथं, एक नदीपलीकडं, एक गावाच्या मागं, आणि प्रत्येक तुकड्यात अशी एक बांबूची नळी. इंजिन मात्र एकच. ते आज इथं, उद्या तिथं न्यायचं. नबीलाल परत फिरला त्याच आठवड्यात त्या लोकांनी बोल्ट सोडवले आणि आठ-दहा माणसं लावून इंजिनं बैलगाडीत चढवली. आमचं इंजिन हत्तीच्या वजनाचं. गाड्यांचे आस मोडले, एकाचा पाय चेंगरला. मग कोण पुन्हा घेतो? नबीलालनं बिसेसर बाबाला विचारलं, मी तीन महिने इथं होतो, तुम्ही बोलला का नाहीत? म्हातारा म्हणाला, तुम्ही एवढ्या लांबून आला होतात, उन्हात राबत होतात, पाहुणे होतात. पाहुण्याला कसं सांगायचं, की हे आम्हाला नको?

हे सांगताना नबीलालचा डबा तसाच उघडा होता. "तीन म्हयनं त्येंच्यात जेवलो," तो म्हणाला. "म्हातारी मला लेकावाणी वाडायची. आन् म्या एकदाबी इचारलं न्हाय, बाबा, तुमचं रान हाय तरी कुटं-कुटं?" मग न खाताच डबा बंद केला.

प्रवासानं माणसाची दृष्टी मोठी होते असं म्हणतात. मला ते सरसकट पटत नाही. आमच्या कारखान्यातून आणखीही फिटर फिरतीवर जायचे. देशभर हिंडले आणि जसे गेले तसेच परत आले. ट्रंकही त्यांच्याबरोबर तेवढीच फिरली होती. ती काय शहाणी झाली? नबीलाललाही पहिल्या खेपेला काहीच झालं नाही, उलट अंगावर मूठभर मांस चढलं. त्याला बदललं ते त्याच दारात परत जाऊन आपली चूक डोळ्यांनी बघावी लागली, त्यानं. शिवाय त्या घरानं त्या दिवशीही त्याला आधी जेवायला वाढलं. शिव्या दिल्या असत्या तर तो कोल्हापुरीच राहिला असता.

त्यानंतर त्याला एक खोडच लागली. कुठंही गेला, कशालाही हात घालायच्या आधी विचारायचा, "तुमच्यात कसं करत्यात?" गुजरातेत गेला, तेलंगणात गेला, पान्यांची पिशवी खाली ठेवायची आणि आधी हे. शेतकऱ्याबरोबर सगळं रान पायी फिरायचा आणि मग खड्डा कुठं काढायचा ते ठरवायचा, किंवा काढायचाच नाही. येताना एकदा राईच्या तेलाची बाटली घेऊन आला आणि त्यात मासे तळायला लावले. वहिनींनी तीन दिवस घराची दारं उघडी ठेवली. पण तो वास नाकात भरून घेऊन खात बसला. गारगोटीच्या पुढचा चहाही त्याला चालायला लागला. आमच्या फौंड्रीत पूर्वेकडचे काही मोल्डर, वाळूचे साचे करणारे, आले, आमची पोरं त्यांच्या बोलण्याच्या नकला करायची. नबीलाल मात्र त्यांच्याजवळ उकिडवा बसून विचारायचा, तुमच्यात वाळू कशी भिजवतात म्हणून. पोरं त्यालाही हसायची. मीही हसायचो. दर खेपेला निघताना तो मला म्हणायचा, "चल की एकदा माझ्यासंगट. हितल्या हितं किती रंधा मारशील?" आणि मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. कधी आईचं आजारपण, कधी कामाची गर्दी, कधी काहीच नाही. मुंबईच्या पुढं मी आजतागायत गेलेलो नाही. मुंबईलाही एकदाच, आणि तेव्हा दाढ दुखत होती.

आता ती गोष्ट. बिहारच्या त्या दुसऱ्या खेपेनंतर नबीलालच्या मनानं घेतलं, की हलकं इंजिन करायचं. लहान इंजिन, चाक बारीक, आणि मुख्य म्हणजे खालचा बेड, इंजिनाची बैठक, हलका. लोखंडाचं सगळं ओझं त्या बेडात. चार माणसांना उचलून नेता आलं पाहिजे. त्यानं हे आधी मला सांगितलं, कारण बेडाचा पॅटर्न मीच करणार. "जमंल का, बघ," म्हणाला. मी तोंडानं नाही-नाही म्हणत राहिलो, पण डोक्यात किडा शिरला. त्या आठवड्यात घरी पाव मापाचा एक नमुना केला. भिंती पातळ, आतून फासळ्या, चार कोपऱ्यांवर धरायला चार मुठी. तो जमत होता. मी तीसेक वर्षं हे काम केलंय, मला बोटांनीच कळतं. तो बेड टिकला असता. नमुना पिशवीत घालून नबीलालला दाखवायला न्यायचा, असं ठरवलंही होतं.

त्याआधीच मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. नबीलालनं म्हशीची हकीकत सांगितली, हलक्या बेडाचं सांगितलं. मालक खूश झाले. म्हणाले, "बघा. हा बाहेर पडला आणि शिकून आला. नाहीतर तुम्ही लोक! इथं बसून वर्षानुवर्षं तेच ते करताय." आणि बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. एवढंच. पण ते माझ्या वर्मी लागलं. मी त्या कारखान्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, आणि आज एक फिटर चार गावं हिंडून आला म्हणून माझी कारागिरी जुनी झाली? मालकांनी विचारलं, "काय शामराव, बेड हलका केला तर टिकेल का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. नबीलाल तर असा बघत होता, की याचं उत्तर त्याला ठाऊकच आहे. आणि मी म्हणालो, "मालक, इंजान म्हंजे काय देव हाय व्हय, पालखीत घालून मिरवायला? जाग्याव बसंल तेच इंजान." केबिनमध्ये हशा पिकला. मालकही हसले. नबीलालही हसला, थोडंसं. मग मालक म्हणाले, शामराव नाही म्हणतायत म्हणजे नाही. विषय संपला. नमुना मी घरी माळ्यावर टाकला, जुन्या पोत्याखाली.

पुढं काय झालं ते उद्यमनगरात सगळ्यांना माहीत आहे. दुसरीकडच्या कुणीतरी हलकी इंजिनं काढली आणि ती त्या मुलखात भराभर खपली. आमची वाघीण पुन्हा कधी भरली नाही. कारखाना त्यामुळंच खालावला असं नाही, वीज आली, मोटारी आल्या, शंभर कारणं होती. पण नबीलालची लांबची फिरती बंद झाली ती त्यामुळंच. शेवटची काही वर्षं त्यानं जुळणीच्या टेबलावर काढली, दुसऱ्यांच्या फिरतीची इंजिनं तपासून द्यायची. मला एका शब्दानं बोलला नाही. त्याला वाटत होतं, शामराव नाही म्हणाला म्हणजे खरंच जमत नसणार. माझ्या कामावर त्याचा एवढा विश्वास! तो विश्वास मी रोज डब्याबरोबर खात होतो... कधी गोड लागला नाही.

तरी मी कबूल झालो नाही. त्यासाठी मला शिरोळला जावं लागलं. माझी मुलगी सुमन शिरोळला दिलेली. सासरचं घर नदीच्या बाजूला, ऊस भरपूर, माणसं चांगली. लग्नानंतर दोन वर्षांनी मी तिला सागवानी कपाट करून दिलं. जमिनीपासून तुळईपर्यंत, भिंतीत पक्कं बसवलेलं, मागं खिळे-पट्ट्या ठोकून. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम. त्याच्या फळ्यांना रंधा मारत होतो तेव्हा नबीलाल अंगणात आला होता. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "झाक झालंय. पर तिकडं घरात पाणी येतंय का, इचारलंस?" मी म्हणालो, "लेकीला कपाट देतोय, धरण बांदत न्हाय." शिरोळच्या व्याह्यांनीही कपाट बसवताना तोंडभरून कौतुक केलं. "लई नाद काम, पावणं," आप्पासाहेब म्हणाले. चहा झाला, जेवण झालं, मी ऐटीत परत आलो.

दोन पावसाळे निघाले आणि तिसऱ्याला कृष्णा चढली. पाणी ओसरल्यावर मी गेलो. घराघरांत वस्तू वर टांगलेल्या. दोरांनी तुळयांना बांधलेल्या बाजा, माळ्यावर पत्र्याच्या हलक्या ट्रंका, पोती, भांडी, अगदी पाळणासुद्धा वर. सगळं कोरडं. खाली फक्त माझं कपाट उभं होतं. चार दिवस कमरेएवढ्या पाण्यात. लाकूड फुगलेलं, चिखलाची रेघ मधोमध. दारं दमट हवेनं आधीच बसली होती, ऐनवेळी ती उघडलीच नाहीत. सुमनचं लग्नातलं शालू-पातळ सगळं आतच सडलं होतं. सुमन माझ्यासमोर रडली नाही. कपाटाला टेकूनसुद्धा उभी राहिली नाही, मला वाईट वाटेल म्हणून. आप्पासाहेब हळूच म्हणाले, "आमच्यात भित्तीला काय ठोकत न्हाईत, पावणं. सगळं वर वडून घ्यायचं आसतंय." मी म्हणालो, "मग तवाच का बोलला न्हाईसा?" ते म्हणाले, "तुमी येवड्या हौशेनं केलतासा. पावण्याला कसं म्हनायचं?"

मी तिथंच ओल्या पायरीवर बसलो. हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. बिहार चार दिवसांवर, आणि शिरोळ एसटीनं दीड तासावर. नबीलालला निदान चार दिवस गाडीत बसून चूक करायला जावं लागलं. मी लेकीच्या घरीच केली. आणि मला कुणी सावध केलं नव्हतं, असंही नाही. अंगणात बसून त्यानंच विचारलं होतं.

एवढं होऊनही मी वडगावला जायला तीन वर्षं लावली. म्हातारपणी माणूस शहाणा होतो म्हणतात, ते कुणी तरुणानं म्हटलेलं असणार. नबीलाल तोवर निवृत्त झाला होता, दमा वाढला होता. शेवटी सलीम एकदा रस्त्यात भेटला, म्हणाला, अब्बा तुमची लई आठवण काढत्यात, येऊन जावा. मग माळ्यावर चढलो. गुडघ्यांनी नको-नको म्हटलं. पोत्याखालचा नमुना पुसला, टॉवेलात गुंडाळला आणि एसटीत बसलो.

तो अंगणात बाजेवर उशांना टेकून बसला होता. निम्मा झाला होता, आवाज मात्र तोच. "काय रं शामराव, वाट चुकलास व्हय?" मी टॉवेल सोडून नमुना त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, आतल्या फासळ्यांवरून अंगठा फिरवला. फिटरच तो, त्याला सांगायला लागलं नाही. "कवा केलास?" म्हणाला. "तवाच. मालकांनी बोलवायच्या आदल्या आटवड्यात." "म्हंजे जमत हुतं." "जमत हुतं." आत वहिनी भांडी घासत होत्या. मी शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. खरं तर त्याच आणायला गेलो होतो. त्यानं नमुना बाजेवर ठेवला. मग म्हणाला, "वंगाळ केलंस, शामराव." एकदाच. मी म्हणालो, "व्हय." दुसरं काय म्हणणार?

मग त्यानं नमुना परत उचलला आणि कोपऱ्यातल्या मुठींवर बोट ठेवलं. "आन् ह्या मुटी कशाला?" मी म्हणालो, चार माणसांनी चार बाजूंनी धरायला. तो हसायला लागला. हसता-हसता ढास लागली, वहिनी पाणी घेऊन आल्या, तरी हसतच होता. "आरं, हातानं कोन उचलतंय? खांद्याव घेत्यात. दोन बांबू आरपार घालायचं, दोगं म्होरं, दोगं मागं. पालखीच की रं! तूच म्हनालतास." माझ्या कानावरची पेन्सिल त्यानं काढून घेतली. नमुन्याच्या पुढच्या भिंतीवर दोन आणि मागच्या भिंतीवर दोन अशा चार फुल्या समोरासमोर नेमक्या मारल्या. "मुटी काढून टाक. हितं भोकं पाड, बांबू घाल आन् घिऊन ये. मला पालखी बगायची हाय." मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात आणतो. निघताना तो नेहमीसारखं "चल की एकदा" म्हणाला नाही. मीच दारातून म्हणालो, "बरा हो, आपुन जाऊ एकदा." तो नुसता हात हलवून, जा आता, म्हणाला.

घरी येऊन मुठी काढल्या, जागा घासून सारखी केली. आणि त्या सकाळी गिरमिट हातात घेतलं तेव्हा मी थांबलो होतो, कारण कोणतं पातं लावायचं तेच कळेना. पाव मापानं भोक केवढं पाडायचं? त्यांच्याकडचा बांबू केवढा जाड असतो? आपल्याकडचा धरून मी बेधडक पाडलं असतं, आयुष्यभर तेच केलं. पण त्या दिवशी मनात आलं, नको, दुपारच्या गाडीनं वडगावला जावं आणि विचारून यावं. त्याला केवढं बरं वाटलं असतं, शामराव विचारायला आला म्हणून! इतक्या वर्षांत मी त्याला विचारलेला तो पहिलाच प्रश्न झाला असता. तेवढ्यात सलीमची लुना दारात थांबली.

बायको म्हणते, बारीक भोक पाडा, लागलं तर मोठं करता येतं. सुताराच्या घरात चाळीस वर्षं काढलेली बाई. बोलणं बरोबर आहे तिचं. पण मी पाडलं नाही. सलीमकडून नबीलालची जुनी वही आणली, तीत बिसेसर बाबाचा पत्ता सापडला. मोडक्या हिंदीत एक कार्ड लिहिलं. नबीलाल मिस्त्री वारल्याचं कळवलं, आणि खाली विचारलं, की तुमच्यात खांद्यावर घ्यायचा बांबू केवढ्या जाडीचा असतो, कृपया दोरी गुंडाळून माप कळवा. बाबा आता असणार नाहीत. घरचं कुणी असलं तर वाचेल. कार्ड टाकून महिना होत आला. नमुना बाकावरच आहे, फुल्या पुसट होऊ नयेत म्हणून वर जुना टॉवेल टाकलाय. आमच्या पेठेत टपाल साधारण साडेअकराला येतं.